सायलेन्सर बदलल्यावर इंजिन ट्यून करावे लागते का?

भालकी, बसवकल्याण, आळंद किंवा कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या त्या बाजूला उमरगा, उदगीर. यांपैकी कुठल्याही गावात गॅरेजपाशी थोडा वेळ उभे राहिलात तर हा वाद कानावर पडतो. कोणीतरी पुण्याहून किंवा हैदराबादहून जुनी पोलो जीटी आणलेली असते, मागचा डबा काढून मोठ्या तोंडाचा पाइप बसवलेला असतो, आणि मालकाला दोघे जण दोन सल्ले देत असतात. एक म्हणतो, "रिमॅप केल्याशिवाय पळवू नको दादा, इंजिन जाईल." दुसरा म्हणतो, "काही होत नाही, आतला कॉम्प्युटर आपोआप जुळवून घेतो." दोघांचेही म्हणणे काही गाड्यांबाबत खरे असते. आपली गाडी त्यांपैकी कुठली, हे मालकाला स्वतः ठरवता आले पाहिजे. त्यासाठी आधी इंजिनातला धूर बाहेर कसा पडतो ते पाहू.

१. आत येणारी हवा, बाहेर जाणारा धूर

या भागात गुऱ्हाळ पाहिले नाही असा माणूस विरळा. चुलवाणात चिपाडे टाकणारा माणूस धुराड्याची ओढ पाहून जाळ घालतो. धुराडे उंच केले की ओढ वाढते, तेवढ्याच चुलवाणात जास्त हवा शिरते आणि चिपाडांचा जुना हिशेब चुकतो. इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडरमधला जळका वायू जितका स्वच्छ निघून जाईल तितकी पुढच्या खेपेला ताज्या हवेला जागा मिळेल. हवा वाढली तर पेट्रोलही त्या प्रमाणात वाढायला हवे.

हे प्रमाण ठरलेले आहे. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. सावकाश, एकसारख्या वेगाने चाललेली गाडी याच प्रमाणावर चालते. पण पाय पूर्ण दाबून ओव्हरटेक करताना इंजिन मुद्दाम जास्त पेट्रोल घेते आणि प्रमाण १२.५ ते १३ वर येते. त्यातून थोडी ताकद जास्त मिळते आणि जादा पेट्रोल आतली उष्णता शोषते. मेकॅनिक याला 'रिच' मिश्रण म्हणतात. पेट्रोल कमी पडले तर ते 'लीन'. पूर्ण जोर लावलेला असताना मिश्रण लीन झाले तर उष्णता वाढते, पेट्रोल वेळेआधी पेट घेते, टकटक आवाज येतो आणि ते फार काळ चालले तर पिस्टनला भोक पडू शकते. "इंजिन जाईल" ही भीती इथून येते. ती खोटी नाही, पण ती लागू होण्यासाठी काही गोष्टी एकत्र याव्या लागतात.

२. 'बॅक प्रेशर' हवे की नको?

"इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच" हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. बॅक प्रेशर म्हणजे धुराला बाहेर पडताना होणारा अटकाव, आणि अटकावाने कुठल्याही इंजिनाची ताकद वाढत नाही. मग फार जाड पाइप बसवल्यावर गाडी खालच्या वेगात मेल्यासारखी का वाटते?

कारण धूर सलग धारेने जात नाही, तो धक्क्याधक्क्याने जातो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून धावते. नळीचे तोंड किंवा रुंद जागा आली की तिचा एक भाग उलटा फिरतो आणि ओढीची लाट बनून व्हॉल्व्हकडे परत येतो. ती नेमक्या क्षणी पोहोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते. गरम वायूत ही लाट सेकंदाला सुमारे ५५० मीटर जाते असे धरू. नळी ८० सेंटिमीटर असेल तर जाऊन-येऊन १.६ मीटर अंतर होते, त्याला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर क्रँकची एक फेरी १० मिलिसेकंदांत होते, म्हणजे लाट परत येईपर्यंत पाव फेरीहून थोडे जास्त झालेले असते. ३००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात फेरीचा जेमतेम सातवा भाग होतो. लाट तीच आणि नळीही तीच, पण व्हॉल्व्हच्या हिशेबाने तिची येण्याची वेळ बदललेली.

म्हणून प्रत्येक नळी कुठल्या तरी एका पट्ट्यात इंजिनाला मदत करते आणि दुसऱ्या पट्ट्यात थोडे हिरावून घेते. फार जाड नळीत धुराचा वेग पडतो आणि खालच्या फेऱ्यांतली ओढ जाते. मालकाला जाणवते ते हेच. तो त्याला 'बॅक प्रेशर गेले' म्हणतो. खरे तर ओढ गेलेली असते.

३. जिथे सायलेन्सर हाच अर्धे इंजिन होता

हे पूर्ण समजायचे तर गाडी बाजूला ठेवून यामाहा आरएक्स १०० कडे वळावे लागते. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली ही ९८ सीसीची मोटरसायकल सुमारे ११ अश्वशक्ती देत असे. त्याच काळातली ३४६ सीसीची बुलेट १८ च्या आसपास. दर लिटरमागे हिशेब केला तर आरएक्स ११२ आणि बुलेट ५२. एवढ्या छोट्या इंजिनाने एवढा जोर काढण्यात टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्टचा वाटा मोठा होता.

अशा टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो, सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. धूर निघून जाताना त्याच्या पाठोपाठ थोडे ताजे मिश्रणही वाया जाते. पूर्व जर्मनीतल्या चोपाऊ गावी एमझेड कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर काडेन या इंजिनिअरने १९५० च्या दशकात यावर जी मेहनत घेतली तिला मोटरसायकलच्या इतिहासात तोड नाही. आधी रुंदावत जाणारी आणि मग निमुळती होणारी नळी त्याने अशी बसवली की पहिली लाट धूर खेचून घेई आणि निमुळत्या टोकावर आपटून आलेली दुसरी लाट बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकली. १९६१ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या सुझुकीकडे पोहोचली. १९६२ मध्ये डेग्नरने सुझुकीला ५० सीसी गटाचे विश्वविजेतेपद मिळवून दिले. काडेन मात्र एमझेडमध्येच राहिला. ज्याने मूळ काम केले त्याचे नाव आपल्याकडच्या आरएक्सप्रेमींनाही क्वचितच ठाऊक असते, याचे वाईट वाटते.

अशा नळीला आपल्याकडे 'चेंबर' म्हणतात. आरएक्सला चेंबर बसवला की आत टिकून राहणारे मिश्रण वाढते, ताकदीचा पट्टा वरच्या फेऱ्यांत सरकतो आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा करावाच लागतो. तो न बदलता महामार्गावर सलग पळवली तर पिस्टन जाम होतो. "पाइप बदलला की ट्यूनिंग आलेच" हा नियम या गाड्यांवर तयार झाला आणि या गाड्यांपुरता तो शंभर टक्के खरा आहे. जुन्या मिस्त्रींनी तो हाताने काम करून शिकलेला आहे, म्हणून ते आजच्या कारच्या बाबतीतही ठामपणे तेच सांगतात.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या बुलेटचेही थोडे असेच. कार्ब्युरेटरला धुरातले काही कळत नाही. मोकळा 'पंजाब' किंवा 'इंदोरी' सायलेन्सर बसवल्यावर थ्रॉटल सोडताच जे फटाके वाजतात ते बऱ्याचदा लीन मिश्रणाचे लक्षण असते. न जळलेले पेट्रोल गरम नळीत जाऊन पेटते. अनेकांना तो आवाज ताकदीचा वाटतो. ते वाया जाणारे पेट्रोल आहे.

४. कलबुर्गीचा मे आणि बिदरचा डिसेंबर

आता आजच्या कारकडे येऊ. तिच्यात कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर आणि ते चालवणारा संगणक आहे. हा संगणक रोज किती फरक सांभाळतो, याचे उदाहरण इथलेच घेऊ.

कलबुर्गी समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, बिदर सातशेवर. कलबुर्गीत मे महिन्यात दुपारी पारा ४३ अंशांवर गेला आहे असे धरू. आणि बिदरला डिसेंबरातल्या पहाटे १२ अंश. थंड हवा दाट असते. फक्त तापमानाचा हिशेब केला तर बिदरच्या पहाटे हवा सुमारे ११ टक्के दाट निघते. उंचीमुळे त्यातले ३ टक्के कमी होतात. राहिले साडेसात-आठ टक्के. हुमनाबादमार्गे शंभराहून थोड्याच जास्त किलोमीटरवरच्या या दोन गावांत, दोन ऋतूंमध्ये, त्याच इंजिनात एवढी जास्त हवा शिरते. तरी कोणी डिसेंबर आला म्हणून कार ट्यून करून घेत नाही.

उलट, मागचा डबा किंवा त्याच्या आधीचा पाइप बदलून साध्या कारमध्ये मिळणारी वाढ बहुधा दोन-चार टक्क्यांच्या आत असते. नुसते आकडे पाहिले तर प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण इथे एक बारकावा आहे, आणि सगळे उत्तर त्याच्यावर उभे आहे.

हवेचे तापमान आणि दाब संगणकाला सेन्सरमधून दिसतात. पाइप बदलल्याचे मात्र त्याला कोणी सांगत नाही. ते त्याला परिणामावरून ओळखावे लागते. काही गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर असतो. तिथे वाढलेली हवा लगेच मोजली जाते आणि पेट्रोल त्या मानाने वाढते. काही गाड्या हवा मोजत नाहीत. त्या मॅनिफोल्डमधला दाब पाहतात आणि कारखान्यात भरलेल्या तक्त्यावरून 'इतक्या दाबाला इतकी हवा' असा अंदाज करतात. तो तक्ता जुन्या पाइपाचा असतो.

याशिवाय प्रत्येक गाडीत धुरातला ऑक्सिजन तपासणारा सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त आढळला की पेट्रोल वाढव, कमी आढळला की घटव, असे तो सतत सुचवत राहतो. संगणक ही दुरुस्ती टक्क्यांत लिहून ठेवतो. तिला 'फ्युएल ट्रिम' म्हणतात. साध्या वेगात ही व्यवस्था उत्तम चालते. पण अनेक गाड्यांत पाय पूर्ण दाबल्यावर संगणक या सेन्सरचे ऐकणे थांबवतो आणि तक्त्यावर, फार तर आधी शिकलेल्या दुरुस्तीवर, विसंबतो. नेमके तेव्हाच इंजिनाला चुकीच्या मिश्रणाचा सर्वांत जास्त धोका असतो.

एक हिशेब करू. पूर्ण जोरावर इंजिन सेकंदाला १०० ग्रॅम हवा घेते आणि प्रमाण १२.५ आहे. म्हणजे पेट्रोल ८ ग्रॅम. पाइप बदलून हवा १०३ ग्रॅम झाली आणि संगणकाला ते कळलेच नाही, तर प्रमाण १२.९ होते. इंजिन ठणठणीत राहील. पण हेडर (इंजिनाला चिकटलेली नळी), पाइप, एअर फिल्टर असे सगळे बदलून हवा ११२ ग्रॅमवर गेली आणि पेट्रोल ८ ग्रॅमच राहिले, तर प्रमाण १४ होते. पूर्ण जोरावर हे प्रमाण धोक्याचे आहे, आणि मे महिन्यात उमरग्याहून हुमनाबादकडे भरल्या गाडीने सलग पळताना तर फारच.

५. म्हणून, काय बदलले?

फक्त शेवटचा डबा, किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सगळा पाइप बदलला असेल आणि बाकी गाडी मूळची असेल, तर ट्यूनिंगची गरज नाही. हे मी अगदी ठामपणे सांगेन. त्यासाठी रिमॅपचे पैसे मागणाऱ्याला 'आधी मोजून दाखवा' म्हणावे. आवाज बदलतो, थोडे वजन कमी होते, ताकदीत पडणारा फरक बसणाऱ्याला जाणवेलच असे नाही.

इंजिनाला चिकटलेला हेडर बदलला तर लाटांचे सगळे वेळापत्रक बदलते. तिथे ट्यूनिंग करावे. न केल्यास इंजिन लगेच बिघडेल असे नाही, पण हेडरवर खर्च केलेल्या पैशांचा बराचसा भाग वाया जाईल. सोबत फिल्टर किंवा कॅमशाफ्ट बदलले असेल तर ट्यूनिंग सक्तीचेच समजा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते काढू नये. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड त्याच्यावरून जाताना बहुतांशी निरुपद्रवी होतात. तो काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, पी०४२० हा कोड येतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. मग काही जण ट्यूनिंगच्या नावाखाली तो दिवाच बंद करून देतात. त्याने इंजिनाचे काहीच भले होत नाही, आणि गल्लीतल्या लेकरांच्या छातीत तो धूर जातो तो जातोच.

कायदाही इथे मधे येतो. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे केए-३८ ची गाडी उमरग्यात आली किंवा एमएच-२४ ची गाडी भालकीत गेली तरी नियम तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि परवाना तीन महिने जातो. कलम १८२अ(४) खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला वेगळा ५ हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मोठ्या आवाजाचा डबा घेण्याआधी हे आकडे त्याच्या किमतीत मिळवून पाहावेत.

६. टर्बो असेल तर

स्पोर्ट्स कार म्हणून आज आपल्याकडे जे घेतले जाते त्यात टर्बो बऱ्याचदा असतोच. पोलो जीटी टीएसआयचे १.२ लिटरचे इंजिन टर्बोचेच. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारे चाक. ते दुसऱ्या बाजूने इंजिनात हवा कोंबते. या चाकाला जोर मिळतो तो आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकातून. म्हणून टर्बोनंतरचा पहिला पाइप, ज्याला डाउनपाइप म्हणतात, मोकळा केला की चाक लवकर वेग घेते. साध्या इंजिनापेक्षा इथे पाइपाचा परिणाम बराच मोठा असतो.

पण टर्बोच्या गाडीत संगणकाने किती दाब हवा हे आधीच ठरवलेले असते. तेवढा दाब झाला की वेस्टगेट नावाची झडप जादा धूर बाजूने सोडून देते. म्हणजे पाइप मोकळा केला तरी संगणक दाब जुन्याच मर्यादेवर धरतो. नफा हातात येतो तो ट्यूनिंगनंतरच. आणि झडप लहान पडली तर दाब मर्यादेच्या वर सरकत जातो. तेव्हा संगणक ताकद तोडतो, आणि तो तोडतो हे मालकाचे नशीब. डाउनपाइप बदलायचा तर ट्यूनिंग सोबतच करायचे, हा नियम इथे पाळावा. टर्बोच्या पार मागचा डबा बदलला असेल तर पाचव्या भागातले पहिले उत्तर तसेच लागू आहे.

७. ट्यून करणारा नेमके काय करतो

संगणकात तक्ते असतात: कुठल्या फेऱ्यांना, किती जोराला, किती पेट्रोल, ठिणगी किती आधी, टर्बोचा दाब किती. रिमॅप म्हणजे हे आकडे बदलणे. ते योग्य रीतीने करायचे तर गाडी डायनोच्या रोलरवर चढवून, धुराच्या नळीत अचूक ऑक्सिजन सेन्सर घालून, टकटक ऐकत एकेक पट्टा तपासावा लागतो. लॅपटॉप जोडून पंधरा मिनिटांत भरलेली तयार फाइल कोणत्या तरी दुसऱ्या देशातल्या पेट्रोलवर आणि थंड हवेवर बनलेली असू शकते. कलबुर्गीच्या उन्हाळ्याला ती बेताची पडते. ट्यून करून घ्यायचेच असेल तर ते उन्हाळ्यात आणि रोज भरता त्याच पेट्रोलवर करा.

पेट्रोलचा मुद्दा या ऊसपट्ट्यात विशेष. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या १ ग्रॅमला ९ ग्रॅमच हवा पुरते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येते. १० टक्क्यांसाठी बनवलेल्या गाडीचा संगणक म्हणजे आधीच चार-पाच टक्के पेट्रोल वाढवून बसलेला असतो. पाइपामुळे होणारी दुरुस्ती त्याच्यावर चढते.

ही दुरुस्ती पाहायला डायनो लागत नाही. गाडीच्या डॅशबोर्डखालच्या जोडणीत लावायचा साधा स्कॅनर पुरतो. पाइप बदलण्याआधी लाँग टर्म ट्रिमचा आकडा वहीत लिहून ठेवा. बदलल्यानंतर काही दिवस गावात आणि महामार्गावर गाडी चालवून पुन्हा पाहा. दोन-तीन टक्क्यांचा फरक पडला असेल तर काहीही करायची गरज नाही. दोन्ही आकड्यांत आठ-दहा टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर रिमॅपवाल्याला फोन करण्याआधी वेल्डिंग तपासा. सेन्सरच्या आधीच्या सांध्याला बारीक चीर राहिली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि संगणक विनाकारण पेट्रोल ओतत राहतो. गाडी मायलेज खाते, प्लग काळे पडतात, आणि मालक समजतो की नवा पाइप ट्यूनिंग मागतो आहे. थंड इंजिन सुरू करून, मागचे तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबून धरा आणि सांध्यापाशी कान द्या. फुसफुस ऐकू आली तर काम वेल्डरचे आहे. सांधे घट्ट असूनही आकडा वीसच्या जवळ जात असेल तर संगणकाची दुरुस्तीची मर्यादा संपत आली आहे. बहुतेक गाड्यांत ती वीस-पंचवीसच्या आसपास असते. अशी गाडी ट्यून होईपर्यंत पूर्ण पाय दाबून चालवू नका.